नवव्या तारेचं उणं

त्या वर्षी जगभरातली साडेसहा लाख माणसं मिरजेच्या एका म्हाताऱ्याच्या हातानं ऐकत होती, आणि तो म्हातारा मुंबईच्या विमानतळावर एका कानशीसाठी अडून बसला होता.

"कानस म्हंजे काय तलवार हाय व्हय?" दस्तगीर मेस्त्री तपासणीच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून विचारत होते. "पन्नास वर्सं हिच्या जिवावर घर चाललंय. कुणाचं नखसुद्धा कापलं न्हाई हिनं."

"अब्बा, मोठ्या बॅगेत टाकायची होती ना," त्यांची मुलगी तहसीन हळू आवाजात म्हणाली. मागं रांग वाढत होती. "सोडा आता. टॅलिनमध्ये हव्या तेवढ्या कानशी मिळतील."

"मिळतील. ही मिळंल का?"

तपासणीवरच्या पोरीनं पासपोर्ट उघडला. दस्तगीर इमाम शिकलगार, मिरज. तिनं नाव दोनदा वाचलं आणि डाव्या कानावरचे केस मागं केले. कानामागं नखाएवढा व्रण होता.

"मेस्त्री, सातवीपर्यंत मी काहीच ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "आता ऐकते ते तुमच्यामुळं."

आतापर्यंत घड्याळं बघून सुस्कारे टाकणाऱ्या रांगेतली चार माणसं हात मिळवायला पुढं आली. नियम तो नियम, कानस काही मेस्त्रींच्या पिशवीत परत गेली नाही. पण त्या पोरीनं ती स्वतः फडक्यात गुंडाळून विमानाच्या कप्तानाच्या ताब्यात देण्याची व्यवस्था केली. मेस्त्रींची मान जी ताठ झाली ती पुढच्या सगळ्या प्रवासात तशीच राहिली. आपण परदेशात भाषण करायला चाललोय हे त्यांनी शेजारच्या प्रवाशाला दोनदा सांगितलं, आणि तो झोपल्यावर तिसऱ्यांदा सांगितलं.

मान ताठ व्हावी असंच ते होतं. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे. मेस्त्रींच्या खापरपणजोबांनी तलवारी बाजूला ठेवून सतारी करायला घेतल्या आणि घरातली कानस लोखंडाऐवजी हाडावर चालू लागली. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाच्याही अंशाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासते, म्हणून सतारीचा सूर विरतानाही झणझणत राहतो. हा उतार घासून काढण्याच्या कामाला जवारी म्हणतात. त्याचं माप कुठल्या पुस्तकात नाही. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. दस्तगीर मेस्त्रींनी जवारी काढलेल्या सतारीला वाजवणारे दहा वर्षं दुसऱ्या कारागिराचा हात लागू देत नसत, इतकी ती टिके.

आता माणसाच्या कानाकडे वळू. कानाच्या पडद्यामागं तीन इवलीशी हाडं असतात. आवाजानं पडदा हलला की ती हलतात आणि ते हलणं आतल्या कानापर्यंत पोचवतात. त्यातलं शेवटचं हाड रिकिबीच्या आकाराचं आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असतं. ते निकामी झालं तर त्या जागी कृत्रिम हाड बसवता येतं, पण त्यातून येणारा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे. प्रत्येकाचा कान वेगळा आणि कारखान्यातलं हाड मात्र सगळ्यांना एकच, अशी ती अडचण होती.

कानाच्या दोषांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर तहसीन शिकलगारला उत्तर सापडलं ते प्रयोगशाळेत नाही, मिरजेच्या दुकानात, वडिलांच्या समोर पाटावर बसून चहा पिताना. हे हाडसुद्धा घोडीच की, असं तिला वाटलं. मग यालाही जवारी का काढू नये?

तिनं वडिलांच्या उजव्या हातावर एक पातळ मोजा चढवला. बोट किती दबलं, मनगट कुठं थांबलं, कानस कधी सैल सोडली, ते सगळं त्या मोज्यातले चारशे ठिपके टिपून घेत. ओल्या मातीत पाऊल उमटावं तसा दोन वर्षांत मेस्त्रींचा अख्खा हात यंत्रात उमटला. त्याला तहसीननं नाव दिलं हातठसा. मग यंत्र त्या ठशाबरहुकूम रोग्याच्या कानाच्या मापाचं हाड घाशी, आवाज सोडी, ऐकून बघी आणि पुन्हा घाशी, अगदी मेस्त्रींसारखं. या हाडाचं नाव कर्णघोडी. जन्माचे बहिरे ती बसवून घेऊन सतारीतला आणि सरोदातला फरक सांगू लागले. पुढं मेस्त्रींचा खरा हात थरथरू लागला, चहाची बशीही धरवेना. पण एकोणीस देशांत त्यांचा ठसा चाळिशीतल्या जोमानं काम करत होता.

एक गोष्ट तहसीननं कुठल्याच निबंधात लिहिली नव्हती, कारण ती लिहिण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. शिकलगारांच्या घरात कुठलंही वाद्य पुरतं निर्दोष करून देत नसत. "पुरं ते अल्लाचं. माणसानं एक उणं ठेवावं," असं मेस्त्रींचे वडील म्हणत. सतारीच्या मुख्य तारांखाली बारीक तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. वर सूर लागला की त्या आपोआप गुणगुणतात. सगळं काम संपलं की मेस्त्री नवव्या तरफेखाली कानस एकदा उलटी फिरवत आणि तेवढी एक तार जराशी मुकी होई. गिऱ्हाइकं कौतुकानं त्याला तीट म्हणत. पन्नास वर्षांत त्या तिटेवाचून कुणाचं वाजवणं अडलं नव्हतं.

मोज्याच्या त्या दोन वर्षांत कर्णघोडी बनवणाऱ्या कंपनीच्या एका परदेशी इंजिनिअरनं संगणकाच्या पडद्यावरून विचारलं होतं, "हा शेवटचा उलटा हात कशासाठी?"

"त्याच्याबिगर वस्तू पुरी होत न्हाई," मेस्त्रींनी छाती फुगवून सांगितलं होतं. तहसीननं शब्दाला शब्द भाषांतर केलं. इंजिनिअरनं आदरानं मान डोलावली आणि तो हात ठशात कायमचा राहिला.

टॅलिनमध्ये थंडी अशी होती की मेस्त्रींनी दोन स्वेटरांवर तिसरा चढवला. कर्णघोडीवरच्या परिषदेच्या इमारतीत त्यांना घ्यायला केर्ली नावाची तिशीतली बाई आली. सभागृहाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती, आणि पाच महिन्यांची मुलगी बाबागाडीत घालून ती ही व्यवस्था बघत होती. सगळ्यांच्या कॉलरला दुभाष्या लावलेला होता. बटणाएवढं ते यंत्र एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगे. मेस्त्रींची बोली मात्र अधूनमधून त्याला घाम फोडी.

केर्लीनं मेस्त्रींचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. "मी जन्मापासून बहिरी. पाच वर्षांपूर्वी तुमची कर्णघोडी बसवली. पहिला आवाज ऐकला तो माझ्याच बुटांचा. दिवसभर जिन्यावरून वरखाली करत होते."

मेस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. "तहसीन, हे लिहून ठेव," ते म्हणाले. "मिरजेत कुणाला खरं वाटणार न्हाई."

उपाहारगृहात तिघं कॉफी घेत बसली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाला तीन हजार माणसं येणार होती, त्यांतली चारशे कर्णघोडीवाली. ती सगळी पुढं डाव्या हाताला बसणार होती. केर्ली हे सांगत असताना बाबागाडीतली पोर कुरकुरली आणि मग रडायला लागली. केर्ली सांगत राहिली. पोरीचा सूर चढला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली, तहसीननं दोनदा गाडीकडे पाहिलं, मेस्त्रींना तर खुर्चीत काटे फुटल्यासारखं झालं. केर्लीनं शांतपणे कॉफीत साखर ढवळली.

"बाई, पोर रडतंय," मेस्त्री शेवटी म्हणाले.

"हो, ऐकतेय ना," केर्ली हसून म्हणाली. "दूध झालंय, लंगोट बदललाय. रडेल थोडा वेळ."

"ऐकू येतं? मग जाग्यावर बसवतं कसं?"

प्रश्न तिला कळला नाही, आणि दोष दुभाष्याचा नव्हता.  "बाहेर ट्रॅम जाते, तिचा आवाज येतो. हाही येतो. माझ्या मैत्रिणी म्हणतात, बाळ रडलं की काळजात चर्र होतं, हातातलं टाकून धावावंसं वाटतं. मला तसं कधी झालं नाही. त्या बिचाऱ्या वाळून काड्या झाल्यात, मी बघा कशी मजेत आहे."

मेस्त्रींनी उठून पोरीला उचललं. खांद्यावर तिचं रडणं अगदी कानाशी आलं. पन्नास वर्षं तारा ऐकलेल्या त्या माणसानं तेही तारेसारखं ऐकलं. रडण्याचा जाड भाग खाली होता, आणि त्याच्यावर एक बारीक धार होती, तीच आत चिरत जात होती. पोर शांत झाली तरी मेस्त्री तसेच उभे होते.

"तहसीन," ते म्हणाले, "लेकराच्या रडण्याला वर जी धार आसती, ती किती उंच?"

"सेकंदाला तीन हजार कंपनं, साधारण." तहसीन सवयीनं समजावू लागली. "आपला कान नेमका तिथंच सगळ्यात तिखट असतो. म्हणून तर रडणं सहन होत नाही. आईचा कान आणि बाळाचा गळा निसर्गानं एकाच मापानं कापलेत म्हणा ना. का?"

"हिचा कान तपास. आत्ता."

शेजारच्या दालनात उद्याच्या प्रात्यक्षिकासाठी स्वर सोडणारं यंत्र मांडून ठेवलं होतं. तहसीननं खालच्या स्वरापासून आवाज हळूहळू चढवत नेला. ऐकू येतंय तोवर हात वर, असं केर्लीला सांगितलं. तिचा हात वर राहिला, वर राहिला, आणि तीन हजारांच्या जवळ एकाएकी खाली आला. जरा पुढं जाताच पुन्हा वर गेला. तहसीननं पुन्हा करून पाहिलं. हात त्याच जागी खाली आला.

"नववी तार," मेस्त्री म्हणाले.

तहसीनचा चेहरा उतरला. कर्णघोडी बसवल्यावर कंपनी दोन हजारांवर कान तपासत असे आणि मग एकदम चार हजारांवर. मधल्या त्या अरुंद फटीत कुणी डोकावलंच नव्हतं. बोलणं कळे, गाणं कळे, रडणंही कळे. फक्त त्याची धार तेवढी जात होती. उलटा हात आपलं काम साडेसहा लाख वेळा इमानानं करत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत बापलेकीची जुंपली.

"आज नको, अब्बा. आधी कंपनीला कळवू, तपासण्या होऊ देत. एकदम मंचावर सांगितलंत तर साडेसहा लाख माणसं घाबरतील. आणि तुमचं नाव..."

"माझं नावच तर गेलंय त्यांच्या कानात."

"चूक माझी आहे. भाषांतर मी केलं होतं. घरातलीच गोष्ट, मला लहानपणापासून ठाऊक, म्हणून मला ती दिसलीच नाही." तहसीनला रडू आलं. "बाहेरच्या माणसानं विचारलं, तेव्हा तरी दिसायला हवी होती."

मेस्त्री तिच्याशेजारी बसले. थरथरणारा हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. "आगं, सतारीत मी उणं ठेवायचो ते वाजवणाऱ्याला सोसंल आशा जागी. कुठं ठेवायचं ते मला ठावं हुतं. हाताला न्हवतं. तू हात नेलास, मी मिरजेतच ऱ्हायलो." ते उठले आणि स्वेटर चढवू लागले. "अल्लासाठी म्हणून जे ठेवलं, ते दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला गेलं. हे झाकून टाळ्या घिऊ?"

तहसीननं डोळे पुसले आणि स्वराचं यंत्र मंचावर मांडून ठेवायला केर्लीला कळवलं.

दुपारी मेस्त्री मंचावर आले तेव्हा मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर देवनागरीत मिरज अशी अक्षरं उमटली. तीन हजार माणसं उभी राहिली. मेस्त्री क्षणभर सगळं विसरले. आपले वडील, दुकानातला पाट, भिंतीला टेकवलेले सतारींचे भोपळे, सगळं या टाळ्यांत आलंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांना फार अभिमान वाटला. तो लपवायचं त्यांना काही कारण नव्हतं. कप्तानानं परत केलेली कानस त्यांनी खिशातून काढून लोकांना दाखवली आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मग ते म्हणाले, "आता माझी चूक बघा."

ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा, असं डावीकडच्यांना सांगून त्यांच्या खुणेसरशी तहसीननं स्वर सोडला. डावीकडच्या चारशे कर्णघोडीवाल्यांनी हात वर केले. स्वर चढत गेला. तीन हजारांपाशी चारशेच्या चारशे हात एका झटक्यात खाली आले. उजवीकडची माणसं कानात घुसणाऱ्या त्या आवाजानं तोंडं वाकडी करत होती आणि डावीकडची एकमेकांकडे बघून हसत होती. मग चारशे हात पुन्हा वर गेले. 

मेस्त्रींनी सगळं सांगितलं. उणं म्हणजे काय, ते का ठेवतात, इंजिनिअरनं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. रडण्याच्या धारेचंही सांगितलं. "माझी पोरगी म्हणते, हाड काढून पुन्हा घासायला अर्धा तास लागतो. उलटा हात वगळला की झालं. तुमचा कान पुरा हुईल. मला माफ करा." ते हात जोडून उभे राहिले आणि लोकांच्या रागाची वाट बघू लागले.

राग आला नाही. पहिल्या रांगेत केर्ली उभी राहिली. बाबागाडी तिनं मागं, दाराशी लावली होती.

"मेस्त्री, ते काढलं तर काय होईल?"

"लेकरू रडलं की तुम्हाला जाग्यावर बसवणार न्हाई."

"रोज?"

"रोज. रात्री-अपरात्री. दुसऱ्याचं लेकरू रडलं तरी. ते मोठं झालं आणि आत कोंडून रडलं, तरी कळंल तुम्हाला."

केर्लीनं खरोखर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. मग ती अपराधी हसली. "मग राहू द्या ना," ती म्हणाली. "मला चांगलं चाललंय."

तिच्या मागच्या रांगेतून कुणी तरी हो म्हटलं. मग आणखी कुणी. ज्यांना हाड पुन्हा घासून हवंय त्यांनी हात वर करा, असं तहसीननं सांगितलं तेव्हा चारशेतले अकरा हात वर आले. हे पुरं होतंय तोवर उजवीकडून, चांगल्या कानांच्या बाजूनं, एक सद्गृहस्थ उठले. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "मेस्त्री, आमच्या कानांना ते उणं बसवून मिळेल का?"

लोक हसले. पण ते गृहस्थ हसत नव्हते, आणि हसणं ओसरल्यावर त्यांच्या आजूबाजूच्या बऱ्याच माणसांनी मेस्त्रींच्या उत्तरासाठी कान टवकारले. कंपनीचे अध्यक्ष तहसीनकडे झुकून काही विचारू लागले.  मेस्त्रींनी नुसती कानस खिशात परत टाकली, ते लोकांना विनय वाटला आणि सभागृह पुन्हा उभं राहिलं.

त्या टाळ्यांतूनही दाराकडून येणारी पोरीच्या रडण्याची ती धार मेस्त्रींना ऐकू आली. उजवीकडच्या काही माना वळल्या, आई उठेल म्हणून पहिल्या रांगेकडे बघून पुन्हा जाग्यावर आल्या. केर्लीनंही मागं वळून पाहिलं. बाबागाडी जागच्या जागी होती. ती समाधानानं हसली आणि टाळ्या वाजवत राहिली.

मेस्त्री मंचाच्या पायऱ्या उतरू लागले. गुडघे दुखत होते, दार लांब होतं. मेस्त्री आपल्याला भेटायला खाली येतायत असं लोकांना वाटलं, आणि हात मिळवायला त्यांनी वाटेत गर्दी केली.